एंजिनतेलातील इंधनाचे निदान आणि उंचीचा प्रश्न

वंगणतेलात इंधन मिसळणे हा अंतर्ज्वलन एंजिनाचा जुना विकार आहे. दट्ट्याच्या कड्यांमधून अथवा एखाद्या गळक्या सांध्यातून थोडेथोडे इंधन तेलाच्या टाकीत उतरते, तेल पातळ होते आणि धारव्याच्या पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर ठेवणारा तेलाचा थर दुबळा पडतो. हा विकार वेळीच ओळखला तर एखादे नोझल किंवा एखादे सील बदलून काम भागते. तो ओळखता आला नाही तर धारवे जळतात आणि प्रसंगी संपूर्ण क्रॅंकदंड बदलावा लागतो. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडणे म्हणजे त्या शेतकऱ्याचा वापसा हातचा जाणे होय. लडाखसारख्या प्रदेशात हिवाळ्याच्या रात्री वाहन बंद पडले तर प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो.

उंचावरील प्रदेशात ह्या विकाराचे निदान करताना एक विशेष अडचण येते. उंची दोन ठिकाणी परिणाम घडविते. एंजिनात तिच्यामुळे इंधन आणि हवा यांचे प्रमाण बदलते. प्रयोगशाळेच्या मेजावर तिच्यामुळे खुद्द परीक्षेचे वाचन बदलते. हे दोन परिणाम वेगळे केले नाहीत तर निर्दोष तेल फेकून दिले जाते, किंवा खरा दोष ‘उंचीमुळे असे व्हायचेच’ या समजुतीखाली झाकला जातो. ह्या दोन परिणामांचे स्वरूप आणि ते वेगळे करण्याची रीत यांचे विवेचन पुढे केले आहे.

१. बुलढाणा जिल्ह्याची उंची व हवेची घनता

बुलढाणा जिल्हा ह्या प्रश्नाच्या प्राथमिक अभ्यासास सोयीचा आहे. जिल्ह्याचा उत्तर भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही लोहमार्गावरील गावे समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे ते तीनशे मीटर उंचीवर आहेत. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर घाटमाथा सुरू होतो आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेले बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेले आहे. मलकापूरहून बुलढाण्यास जाणारी वाहने राजूर घाट चढून वर येतात. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, तेच वाहन दोन भिन्न उंचींवर तपासता येते.

प्रमाण वातावरण गृहीत धरल्यास समुद्रसपाटीस हवेचा दाब १०१.३ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, असतो. अडीचशे मीटरांवर तो सुमारे ९८.४ आणि साडेसहाशे मीटरांवर सुमारे ९३.८ किलोपास्कल भरतो. याचा अर्थ असा की, तापमान तेच राहिले तर मलकापूरहून बुलढाण्यास येताना हवा शेकडा पाचांहून किंचित कमीच विरळ होते.

आता तापमानाचा विचार करावा. हवेचे तापमान १५ अंश सेल्सियसवरून ४५ अंशांवर गेले तर त्याच दाबाखाली तिची घनता शेकडा ९ ने घटते. पूर्णेच्या खोऱ्यातील वैशाखी दुपार एंजिनाला जितकी विरळ हवा देते, तितकी विरळ हवा निव्वळ घाट चढल्याने मिळत नाही. शिवाय घाटमाथ्यावर हवा थोडी थंड असते, त्यामुळे दाबातील घट काही अंशी भरूनही निघते. म्हणून बुलढाण्यातील एखाद्या वाहनाच्या तेलात डिझेल आढळले तर त्याचा दोष घाटाच्या उंचीस देता येणार नाही. महाराष्ट्रातील इतर पठारी शहरांनाही हाच निष्कर्ष लागू आहे. पुण्याची उंची बुलढाण्याहून थोडी कमीच आहे; महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरांवर आहे; आणि राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे आहे.

खरी उंची पाहावयाची तर लेहकडे जावे लागते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरांवर असून तेथील दाब सुमारे ६५.८ किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश, असतो. खारदुंग ला खिंडीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. महाराष्ट्रात तयार होणारी वाहने ह्या रस्त्यांवर धावतात. त्यामुळे हा प्रश्न येथील अभ्यासकांना परका नाही.

२. उंचीचा एंजिनावरील परिणाम

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल एंजिनात हवेचा प्रवाह अरुंद गळ्यातून जाताना जो दाबफरक निर्माण होतो, तो इंधन ओढून घेतो. त्या दाबफरकाने येणाऱ्या हवेचे वस्तुमान तिच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. इंधनाची घनता मात्र उंचीने बदलत नाही. परिणामी मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढते. बुलढाण्याच्या उंचीवर हा फरक शेकडा तीनच्या आसपास असतो व तो जाणवतही नाही. लेहमध्ये हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे शेकडा ७० इतकी उरते. तिचे वर्गमूळ ०.८४ येते. म्हणजे सपाटीवर पंधरास एक असलेले हवा-इंधनाचे प्रमाण तेथे साडेबारास एक होते. जास्तीचे पेट्रोल पूर्ण जळत नाही. त्यातील काही भाग सिलिंडरच्या थंड भिंतींवर बसतो, तेथील तेल धुऊन काढतो आणि कड्यांवाटे खाली उतरतो.

डिझेल एंजिनात इंधन पंपाने मोजून दिले जाते. जुन्या यांत्रिक पंपात हवेच्या दाबानुसार इंधन कमी करणारी योजना नसेल तर उंचीवरही दर फटकाऱ्यास तेवढेच डिझेल आत जाते. डिझेल एंजिन नेहमी गरजेपेक्षा अधिक हवेवर चालत असल्यामुळे शेकडा पाच-सहाची घट ते सहज पचविते. घट शेकडा तीसची झाली की पूर्ण भारावर काळा धूर येऊ लागतो. तेलात उतरते ते मुख्यतः काजळी. न जळलेले डिझेल त्यामानाने थोडे असते. हा मुद्दा निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे व त्याचा विचार पुढे येईल.

उंचावरील खरा जोडशत्रू थंडी हा होय. शून्याखाली वीस अंश तापमानात एंजिन सुरू करावयाचे, ते गरम ठेवण्यासाठी तासन्‌तास रिकामे चालवावयाचे, हे लडाखमधील हिवाळ्यात नित्याचे आहे. अशा स्थितीत सिलिंडरच्या भिंती तापत नाहीत, इंधनाची वाफ नीट होत नाही, आणि तेलही इतके गरम होत नाही की त्यात उतरलेले इंधन पुन्हा उडून जावे. विरळ हवा, थंडी आणि रिकामे चालणे ही तीन कारणे एकत्र आली म्हणजे दोषरहित एंजिनाच्या तेलातही इंधन साठू शकते. यांपैकी तिसरे कारण बुलढाण्यातही लागू पडते. फवारणीसारख्या हलक्या कामावर दिवसभर चालणारा ट्रॅक्टर किंवा बाजारात एंजिन चालू ठेवून उभा असलेला टेंपो यांच्या तेलात उंचीचा काहीही संबंध नसताना डिझेल उतरू शकते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांमुळे डिझेल वाहनांत एक नवी वाट निर्माण झाली आहे. धुरातील काजळी अडविणारी गाळणी अधूनमधून जाळून स्वच्छ करावी लागते. त्यासाठी अनेक एंजिनांत ज्वलनानंतर थोडे इंधन मुद्दाम सिलिंडरमध्ये सोडले जाते आणि त्यातील काही भाग भिंतीवरून तेलात जातो. फेऱ्या लहान असतील व ही क्रिया वारंवार अर्धवट राहत असेल तर तेलाची पातळी वाढलेली दिसते.

३. श्यानता आणि प्रज्वलनांक: चार शक्यता

तेलात इंधन आहे काय, हे ठरविण्यासाठी बहुधा प्रथम वास घेतला जातो आणि पातळीपट्टी पाहिली जाते. पातळी वाढली असेल तर संशयास जागा आहे. पण एंजिन तेल खात असेल तर आत आलेले इंधन आणि खर्च झालेले तेल एकमेकांची भरपाई करतात व पातळी जागची हलत नाही. वासावरून प्रमाण ठरत नाही. गाळणकागदावर तेलाचा थेंब टाकून त्याच्या कडेचे फिकट वलय पाहण्याची रीत संशयित नमुने वेगळे काढण्यास उपयोगी आहे. निर्णयासाठी ती पुरेशी नाही.

निर्णयाची पहिली कसोटी श्यानता ही होय. १५डब्ल्यू-४० प्रतीच्या ताज्या तेलाची शुद्धगतिक श्यानता १०० अंशांवर सुमारे १४ एकके, म्हणजे चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद, असते. श्यानतामिश्रणाच्या रूढ सूत्राने हिशेब केला तर त्यात शेकडा ५ डिझेल मिसळल्यास ती सुमारे साडेअकरावर येते. चाळीस प्रतीच्या तेलाची खालची मर्यादा १२.५ आहे. म्हणजे तेवढ्या डिझेलाने ते तेल तीस प्रतीत उतरते. अनेक निर्माते शेकडा २ च्या आसपास सावधगिरीची आणि शेकडा ५ च्या आसपास तेल बदलण्याची मर्यादा धरतात, त्यामागील एक कारण हेच आहे.

परंतु केवळ श्यानतेवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. काजळीने आणि ऑक्सिडीकरणाने तेल घट्ट होते. उंचीवरील डिझेल एंजिनात काजळी अधिक होत असल्यामुळे इंधनाने पातळ झालेले तेल काजळीने पुन्हा घट्ट होऊन श्यानतेचे वाचन अगदी ‘योग्य’ येऊ शकते. उलट, तेलातील श्यानतावर्धक बहुवारिकांच्या साखळ्या तुटल्याने किंवा चुकून पातळ प्रतीचे तेल भरले गेल्याने इंधनाचा थेंबही नसताना श्यानता घटते.

म्हणून दुसरी कसोटी हवी. ती म्हणजे प्रज्वलनांक, ज्यास यंत्रशाळांत फ्लॅश पॉइंट म्हणतात: ज्या तापमानास तेलाच्या पृष्ठभागावरील वाफ ज्योत जवळ नेताच क्षणभर पेट घेते ते तापमान. ताज्या एंजिनतेलाचा प्रज्वलनांक सामान्यतः दोनशे अंशांच्या वर असतो. डिझेलाचा त्याहून पुष्कळच कमी असून भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलाची किमान मर्यादा ३५ अंश आहे. त्यामुळे थोडेसे डिझेलही तेलाचा प्रज्वलनांक ठळकपणे खाली आणते. काजळीचा व बहुवारिकांच्या तुटण्याचा त्यावर तसा परिणाम होत नाही.

दोन्ही कसोट्या एकत्र वाचल्या म्हणजे चार शक्यता उरतात. श्यानता घटली आणि प्रज्वलनांकही घटला, तर तेलात इंधन आहे. श्यानता घटली पण प्रज्वलनांक कायम राहिला, तर चुकीचे तेल अथवा बहुवारिकांचे तुटणे यांचा संशय घ्यावा. श्यानता कायम असून किंवा वाढलेली असून प्रज्वलनांक घटला, तर इंधन आहे पण काजळीने ते झाकले आहे; उंचावरील डिझेल एंजिनांत ह्या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावे. श्यानता वाढली आणि प्रज्वलनांक कायम राहिला, तर इंधनाचा प्रश्न नाही. काजळी किंवा ऑक्सिडीकरण हे कारण आहे.

एक खबरदारी मात्र घ्यावी. तेल बदलताना एंजिन डिझेलाने किंवा रॉकेलाने धुण्याची चाल काही यंत्रशाळांत आहे. टाकीच्या तळाशी राहिलेले ते द्रव नव्या तेलात मिसळते आणि पहिल्याच परीक्षेत इंधन दाखविते. म्हणून मागील तेलबदलाची हकीकत विचारल्यावाचून निकाल देऊ नये.

४. उंचीचा परीक्षेवरील परिणाम

आता दुसऱ्या अडचणीचा विचार करू. वाफेने पेट घेण्यासाठी हवेतील तिचे प्रमाण एका ठराविक मर्यादेस पोहोचावे लागते. हे प्रमाण म्हणजे वाफेचा दाब भागिले एकंदर दाब. एकंदर दाब कमी असेल तर वाफेचा कमी दाबही तेच प्रमाण गाठण्यास पुरतो. म्हणजे तेल कमी तापवूनही ते पेट घेते. तेलात तिळमात्र फरक न पडता त्याचा प्रज्वलनांक उंचीवर खाली येतो.

यासाठी प्रमाण पद्धतींत एक दुरुस्ती सांगितलेली आहे. १०१.३ किलोपास्कलांहून दाब जितका कमी असेल, त्याच्या प्रत्येक किलोपास्कलामागे वाचनात ०.२५ अंश मिळवावयाचे. बुलढाण्यात ही दुरुस्ती सुमारे १.९ अंश येते, महाबळेश्वरी ४ अंशांच्या आत राहते आणि लेहमध्ये ती जवळजवळ ९ अंशांवर जाते. ज्या ताज्या तेलाच्या प्रमाणपत्रावर २१० अंश लिहिले आहे, त्याच तेलाचे वाचन बुलढाण्यात २०८ व लेहमध्ये २०१ येणे अपेक्षित आहे. हे न जाणणारा परीक्षक लेहमध्ये नऊ अंशांची घट पाहून तेलात इंधन असल्याचा निर्वाळा देईल.

ह्या आकड्यांचे महत्त्व परीक्षेच्या स्वाभाविक चुकीशी ताडून पाहावे. पेन्स्की-मार्टेन्स यांच्या बंद प्याल्याच्या पद्धतीत एकाच परीक्षकाने, त्याच उपकरणावर, त्याच नमुन्याची लागोपाठ दोनदा परीक्षा केली तरी वाचनाच्या शेकडा २.९ इतका फरक ग्राह्य मानतात. दोन वेगळ्या प्रयोगशाळांत शेकडा ७.१. दोनशे अंशांवर हे फरक अनुक्रमे सुमारे ६ व १४ अंश होतात. बुलढाण्याची दुरुस्ती परीक्षेच्या स्वाभाविक चुकीत बुडून जाते. लेहची दुरुस्ती एकाच मेजावरील चुकीहून मोठी, पण दोन प्रयोगशाळांतील फरकाहून लहान आहे. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. बुलढाण्यात उंचीच्या दुरुस्तीची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. आणि लेहच्या नमुन्याची तुलना सपाटीवरील दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी करणे दुरुस्तीनंतरही विश्वासार्ह नाही.

दुरुस्तीसाठी दाब कोठून घ्यावा, हाही प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. हवामानाच्या वार्तापत्रात दिला जाणारा दाब बहुधा समुद्रसपाटीस उतरवून सांगितलेला असतो. तो सूत्रात घातला तर लेहमध्येही दुरुस्ती जवळजवळ शून्य येईल. हवा आहे ते मेज जेथे आहे, तेथलाच प्रत्यक्ष दाब मोजला पाहिजे. शिवाय हे सूत्र सपाटीच्या जवळपासच्या दाबांसाठीच काटेकोर आहे. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची खालची सीमा ९८ किलोपास्कल दिली आहे. ह्या सीमेत मलकापूर जेमतेम बसते, बुलढाणा बसत नाही, आणि लेह तर फारच दूर राहते. तेथे सूत्राने येणारा आकडा हा अंदाज समजावा.

५. तुलनेची पद्धत

ह्या सर्व अडचणींवर एक साधा उपाय आहे. ज्या मेजावर नमुना तपासावयाचा, त्याच मेजावर, त्याच दिवशी, त्याच प्रतीचे ताजे तेलही तपासावे. त्याबरोबर ताज्या तेलात शेकडा २ आणि शेकडा ५ डिझेल मिसळून दोन ज्ञात मिश्रणे करावीत. शंभर मिलिलिटरांच्या मिश्रणास दोन व पाच मिलिलिटर डिझेल पुरते. ताजे तेल, दोन मिश्रणे आणि संशयित नमुना अशी चार वाचने एका ओळीत मांडली की हवेचा दाब, उपकरणाचा कल आणि परीक्षकाची सवय यांचा परिणाम चारही वाचनांवर सारखाच होतो व वजाबाकीत नाहीसा होतो. संशयित नमुना कोणत्या दोन मिश्रणांच्या मध्ये पडतो, एवढेच पाहावयाचे असते. थोड्या इंधनाने प्रज्वलनांक प्रारंभी झपाट्याने व पुढे सावकाश घटतो. म्हणून मधल्या प्रमाणांचा अंदाज सरळ रेषेने करू नये, आवश्यक तर आणखी एक मिश्रण करावे.

गॅस क्रोमॅटोग्राफी ही अधिक अचूक पद्धत आहे. तीत घटक त्यांच्या उत्कलनबिंदूंच्या क्रमाने वेगळे होत असल्यामुळे इंधनाचे प्रमाण थेट मिळते व बाहेरच्या दाबाचा निकालावरील परिणाम नगण्य असतो. मात्र ते उपकरण प्रत्येक ठिकाणी नसते. तुलनेची पद्धत तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही शक्य आहे.

नमुना घेण्यातही शिस्त हवी. एंजिन गरम असताना, बंद करताच, तेल ढवळलेले असताना नमुना घ्यावा आणि बाटली लगेच घट्ट बंद करावी. दीर्घ व भारी धावेनंतर तेलातील पेट्रोलाचा बराच भाग उडून गेलेला असतो. डिझेलाचे घटक जड असल्यामुळे ते तसे जात नाहीत. म्हणून नमुन्यासोबत शेवटच्या धावेचे स्वरूप व तेल बदलल्यापासूनचे तास लिहून ठेवावेत.

६. उगमाचा शोध

तेलात इंधन आहे हे ठरल्यावर ते उंचीमुळे आले की दोषामुळे, हा प्रश्न उरतो. येथे नोझलाच्या दाबाचा विचार उपयोगी पडतो. यांत्रिक डिझेल एंजिनातील नोझल सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबास उघडते. बाहेरची हवा एकतृतीयांशाने विरळ झाल्याने त्यात लक्षणीय फरक पडत नाही. गळके नोझल, झाकणाखालील फुटलेली परतनळी, पंपाच्या दांड्यावरील झिजलेले सील हे दोष सपाटीवर जसे गळतात तसेच खिंडीतही गळतात. उंची, थंडी व रिकामे चालणे यांपासून उद्भवलेले विरलन मात्र परिस्थिती बदलताच घटते.

म्हणून एकाच नमुन्यातील प्रमाणापेक्षा इंधन वाढण्याचा वेग पाहावा. ताजे तेल भरून ठराविक तासांनी उंचावर एक नमुना घ्यावा. वाहन खाली आल्यावर पुन्हा ताजे तेल भरून तेवढ्याच तासांनी दुसरा घ्यावा. दोन्ही ठिकाणी वेग सारखा राहिला तर दोष यंत्रात आहे; खाली वेग पडला तर कारण चालविण्याच्या परिस्थितीत आहे, आणि उपायही तेथेच शोधावा: रिकामे चालणे कमी करणे, तेल लवकर बदलणे, पंपाला दाबानुसार इंधन कमी करणारी योजना बसविणे.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ह्या परीक्षेचा निकाल बहुधा पहिल्या प्रकारचा येईल, कारण चारशे मीटरांच्या चढाने एंजिनाचा स्वभाव बदलत नाही. तेथील ट्रॅक्टरच्या तेलात डिझेल सापडले तर प्रथम नोझल, पंप आणि हलक्या कामावरील तास तपासावेत. लेहमध्ये उत्तर इतके सरळ असणार नाही. परंतु दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे: संशयित तेलाचे वाचन छापील आकड्याशी ताडण्यापूर्वी त्याच जागच्या ताज्या तेलाशी ताडून पाहावे.